दुर्बिणींचा कारागीर : विल्यम हर्शेल

बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे पाच ग्रह मानवाला अतिप्राचीन काळापासून परिचित आहेत. ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि ताऱ्यांच्या पटावरून त्यांचे सरकणे कोणाही लक्षपूर्वक पाहणाऱ्याच्या ध्यानात येते. शनी हा ग्रहमालेच्या वेशीवरचा अखेरचा ग्रह, त्याच्यापलीकडे केवळ तारे, अशी समजूत हजारो वर्षे चालत आली होती. १६०९ साली गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळविली. पुढे ठिकठिकाणी वेधशाळा उभ्या राहिल्या, विद्वान ज्योतिर्विद त्यांतून रात्रंदिवस वेध घेऊ लागले. तरीही ही वेस कोणी ओलांडली नव्हती. ती ओलांडली १७८१ साली, इंग्लंडमधील बाथ या गावच्या एका संगीतशिक्षकाने. त्याच्याजवळ वेधशाळा नव्हती, विद्यापीठाची पदवीही नव्हती. होती ती घरी स्वतःच्या हातांनी तयार केलेली एक दुर्बीण. त्या संगीतशिक्षकाचे नाव विल्यम हर्शेल.

विल्यमचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हानोव्हर या शहरी झाला. त्याचे वडील आयझॅक हे हानोव्हरच्या पलटणीतील वाद्यवृंदात ओबो नावाचे, आपल्या सनईच्या जातीचे एक वाद्य वाजवीत असत. पगार तुटपुंजा आणि संसार मोठा, अशी घरची स्थिती होती. परंतु आयझॅक मोठे रसिक आणि जिज्ञासू गृहस्थ होते. मुलांना त्यांनी लहानपणापासून संगीत शिकविले. रात्रीच्या जेवणानंतर घरात संगीताबरोबरच तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांवर चर्चा चालत. एकदा कडाक्याच्या थंडीत ते आपल्या धाकट्या मुलीला, कॅरोलाइनला, रस्त्यावर घेऊन गेले आणि त्यांनी तिला नक्षत्रांची ओळख करून दिली. या दरिद्री घरात ज्ञानाची आवड मात्र कधी उणी पडली नाही.

चौदा वर्षांचा झाल्यावर विल्यमही वडिलांच्याच वाद्यवृंदात दाखल झाला. परंतु लवकरच युरोपात युद्धाचा वणवा पेटला. १७५७ च्या जुलै महिन्यात हास्टेनबेक येथे फ्रेंच सैन्याने हानोव्हरच्या बाजूचा पराभव केला. रणधुमाळीत वाद्ये वाजविणाऱ्या कोवळ्या मुलांकडे लक्ष देण्यास कोणाला सवड नव्हती. मुलाच्या जिवाला धोका आहे हे जाणून आयझॅक यांनी त्याला थोरल्या भावाबरोबर इंग्लंडला पाठवून दिले. त्या वेळी विल्यम सुमारे एकोणीस वर्षांचा होता.

परक्या देशात आरंभी त्याने संगीताच्या हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरले. पुढे उत्तर इंग्लंडमधील गावोगावी हिंडून तो वाद्ये वाजवी, शिकवण्या करी, स्वररचना करी. अखेरीस १७६६ साली बाथ येथील ऑक्टॅगन चॅपेल या प्रार्थनामंदिरात त्याला ऑर्गनवादकाची जागा मिळाली. बाथ हे उष्णोदकाच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले श्रीमंतांचे गाव होते. तेथे मैफलींना तोटा नव्हता आणि शिकवण्यांनाही तोटा नव्हता. विल्यमचा जम बसला, चार पैसे गाठीला राहू लागले. या ठिकाणी थांबला असता तर एक यशस्वी वादक म्हणून त्याने सुखाने आयुष्य घालविले असते.

परंतु विल्यमला वाचनाचा नाद होता. संगीताच्या शास्त्राचा अभ्यास करताना रॉबर्ट स्मिथ या पंडिताचा स्वरशास्त्रावरील ग्रंथ त्याच्या हाती आला. त्याच पंडिताने प्रकाशशास्त्रावरही एक ग्रंथ लिहिला होता आणि त्यात दुर्बिणी कशा तयार कराव्यात याचे सविस्तर वर्णन होते. दिवसभर शिकवण्या करून थकलेला विल्यम रात्री दुधाचा प्याला आणि हा ग्रंथ घेऊन अंथरुणावर पडे आणि झोप लागेपर्यंत वाचीत राही. १७७३ च्या मे महिन्यात त्याने जेम्स फर्ग्युसन याचे खगोलशास्त्रावरील पुस्तक विकत घेतले. इतरांनी जे पाहिले त्याचे वर्णन वाचून त्याचे समाधान होईना. ते सारे आपल्या डोळ्यांनी पाहावे, अशी तीव्र इच्छा त्याला झाली.

या सुमारास त्याला घरातच एक सहायक लाभली होती. ती म्हणजे त्याची धाकटी बहीण कॅरोलाइन. लहानपणी झालेल्या दुखण्यांमुळे तिची उंची सव्वाचार फुटांवर खुंटली होती आणि चेहऱ्यावर देवीचे व्रण राहिले होते. हिने घरकाम करावे, अधिक शिकू नये, असे आईचे मत होते. विल्यमला हे पटले नाही. आईला मोलकरीण ठेवता यावी म्हणून त्याने दरसाल ठरावीक रक्कम देण्याचे कबूल केले आणि १७७२ साली तो बहिणीला बाथला घेऊन आला. तेथे तो तिला गायन, इंग्रजी आणि हिशेब शिकवू लागला. ती उत्तम गायिका होणार अशी चिन्हे दिसू लागली होती; पण दैवाने तिच्यापुढे निराळेच काम आणून ठेवले.

दुर्बिणी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात दूरच्या वस्तूचा प्रकाश काचेच्या भिंगाने एकत्र आणतात, तर दुसऱ्या प्रकारात तो अंतर्गोल आरशाने एकत्र आणतात. विल्यमने प्रथम भिंगे आणली आणि त्यांसाठी जाड पुठ्ठ्याच्या लांबच लांब नळ्या तयार केल्या. नळ्या वाकत, हलत आणि आकाशात नेम धरणे कठीण होई. शिवाय साध्या भिंगातून पाहिलेल्या वस्तूच्या कडेला रंगांची झालर दिसे. मग त्याने आरशाची एक लहान दुर्बीण भाड्याने आणली. ती त्याला पसंत पडली; पण त्याला हवा होता मोठा आरसा. त्याने लंडनला चौकशी केली. तेवढ्या मोठ्या आकाराचा आरसा तयार नाही, हवा असल्यास करून मिळेल, असे उत्तर आले. परंतु सांगितलेली किंमत त्याच्या आवाक्याबाहेरची होती.

दुसरा एखादा माणूस येथे निराश झाला असता. विल्यमने आरसा स्वतःच करण्याचे ठरविले. बाथमधील एका गृहस्थाने पूर्वी हौस म्हणून आरसे घासण्याचा उद्योग केला होता आणि कंटाळून तो सोडून दिला होता. त्याची सारी हत्यारे आणि अर्धवट घासलेले आरसे विल्यमने विकत घेतले, आणि त्याच्याकडून त्या कामाची जुजबी माहितीही करून घेतली. मग घराचे रूप पालटले. दिवाणखान्यात सुतार दुर्बिणीची नळी आणि बैठक करू लागला. निजण्याच्या खोलीत भाऊ अलेक्झांडर याने कातकामाचे भले मोठे यंत्र उभे केले. नीटनेटकेपणाची आवड असलेल्या कॅरोलाइनला हे पाहून वाईट वाटले. पण थोड्याच दिवसांत तीही पुठ्ठ्याच्या नळ्या चिकटविण्याच्या कामाला लागली.

आज दुर्बिणीचा आरसा काचेचा असून त्यावर चकचकीत धातूचा अतिशय पातळ थर असतो. विल्यमच्या काळी ही युक्ती माहीत नव्हती. तांबे आणि कथील वितळवून केलेल्या मिश्रधातूची जाड तबकडी ओतून तीच घासावी लागे. हा धातू चांदीसारखा चमकतो, परंतु काचेसारखा ठिसूळ असतो. साच्यात असताना तो लवकर निवला तर तडकतो. तबकडी मिळाल्यावर ती कुरुंदाच्या भुकटीने घासून खोलगट करावयाची आणि नंतर राळेसारख्या चिकट पदार्थाच्या थरावर तासन्‌तास फिरवून तिला झिलई आणावयाची, असे हे काम होते. आरशाची खोली साध्या गोलाच्या वक्रतेची असून भागत नाही. ती मध्याकडे किंचित अधिक असावी लागते, तरच ताऱ्याचे प्रतिबिंब एका बिंदूत उमटते. ही अधिक खोली केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही कमी असते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही. आरसा नळीत बसवून ताऱ्याकडे रोखावा, चूक आढळली तर पुन्हा घासावा, पुन्हा रोखावा, याखेरीज तिची परीक्षा करण्याचा दुसरा मार्ग विल्यमजवळ नव्हता.

झिलईच्या शेवटच्या टप्प्यात हात थांबला तर केलेले काम बिघडेल, अशी धास्ती असे. म्हणून विल्यम आरशावरून हात न उचलता काम करीत राही. एकदा तर असे सतत सोळा तास लोटले. त्या वेळी कॅरोलाइन त्याच्या तोंडात घास भरवी आणि त्याला विरंगुळा वाटावा म्हणून मोठ्याने गोष्टी वाचून दाखवी. दिवसा शिकवण्या, संध्याकाळी मैफल आणि मधल्या सवडीत आरसे, असा त्याचा क्रम होता. मैफलीचे कपडे न उतरवताच तो धावत कामाच्या खोलीत जाई आणि त्याच्या अंगरख्याच्या झालरी फाटत किंवा राळेने बरबटून जात.

१ मार्च १७७४ या दिवशी आपल्या वेधांच्या वहीत त्याने पहिली नोंद केली. साडेपाच फूट लांबीच्या, स्वतः घडविलेल्या दुर्बिणीतून त्याने शनीची कडी आणि मृग नक्षत्रातील तेजोमेघ पाहिला होता. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. सात फुटी, दहा फुटी, वीस फुटी अशा दुर्बिणींसाठी तो आरशामागून आरसा घासत राहिला. प्रत्येक लांबीसाठी अनेक आरसे करावे, सर्वांची परीक्षा घ्यावी, सर्वांत चांगला निवडावा आणि बाकीचे पुन्हा घासावयास घ्यावेत, अशी त्याची रीत होती. दोन दशकांत त्याने असे चारशेहून अधिक आरसे तयार केले. १७७८ साली सात फुटी दुर्बिणीचा सुमारे सव्वासहा इंच रुंदीचा एक आरसा असा काही साधला की, तशी तबकडी त्या काळच्या नामांकित वेधशाळांतही नव्हती.

१७७९ च्या अखेरीस एका रात्री विल्यम घरासमोर रस्त्यातच दुर्बीण मांडून चंद्रावरील पर्वतांची उंची मोजण्याच्या खटपटीत होता. वाटेने जाणारे एक गृहस्थ थांबले आणि आपल्यालाही पाहू द्यावे अशी त्यांनी विनंती केली. चंद्राचे ते दर्शन घेऊन ते थक्क झाले. डॉक्टर विल्यम वॉटसन असे त्यांचे नाव होते आणि ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद होते. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम आभार मानण्यास आले आणि पुढे दोघे जन्माचे मित्र बनले. विल्यमचे निबंध विद्वानांच्या सभेपुढे जाऊ लागले ते वॉटसन यांच्यामुळे.

याच काळात विल्यमने एक नेमस्त काम हाती घेतले होते. ठरावीक तेजस्वितेपर्यंतचा एकेक तारा दुर्बिणीत आणून त्याचे जोडतारे शोधावयाचे आणि नोंदवावयाचे. १३ मार्च १७८१ रोजी रात्री दहा ते अकराच्या दरम्यान, न्यू किंग स्ट्रीटवरील घराच्या मागच्या बागेतून तो मिथुन राशीच्या कडेचे तारे तपाशीत होता. त्यांतील एक तारा त्याला इतरांहून वेगळा दिसला. तो बिंदूसारखा नव्हता, किंचित पसरट होता. विल्यमच्या नेत्रभिंगाने त्या वेळी वस्तू २२७ पट मोठी दिसत होती. त्याने भिंग बदलून ४६० पट आणि मग ९३२ पट मोठेपणा लावून पाहिला. तारे आपल्यापासून इतके दूर असतात की, दुर्बिणीची शक्ती वाढविली तरी ते त्या प्रमाणात मोठे दिसत नाहीत. ही ज्योती मात्र दर वेळी मोठी होत गेली. म्हणजे ती तारा नव्हती! चार रात्रींनी त्याने पुन्हा पाहिले, तेव्हा ती जागेवरून सरकलेली आढळली.

आपण एक धूमकेतू शोधला आहे, असे विल्यमला वाटले आणि तसेच त्याने कळविले. युरोपभरचे ज्योतिर्विद त्या धूमकेतूच्या मागे लागले. परंतु त्याला शेपटी फुटेना आणि त्याची वाटही धूमकेतूसारखी लांबट दिसेना. रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे असलेल्या लेक्सेल या गणितज्ञाने हिशेब करून दाखविले की, ही ज्योती शनीच्या जवळजवळ दुप्पट अंतरावरून, जवळपास वर्तुळाकार कक्षेत सूर्याभोवती फिरत आहे. तो एक नवा ग्रह होता. ग्रहमालेचा व्यास एका रात्रीत दुप्पट झाला!

पुढे जुनी टिपणे चाळताना एक नवल उघडकीस आले. हा ग्रह त्यापूर्वीही अनेकांच्या दुर्बिणीत आलेला होता. ग्रिनिचचे राजज्योतिषी फ्लॅमस्टीड यांनी १६९० साली वृषभ राशीतील एक तारा म्हणून त्याची नोंद केली होती. फ्रान्समधील लमोनिए या ज्योतिर्विदानेही तो अनेकदा पाहून ताऱ्यांतच मोजला होता. मग विल्यमलाच तो ओळखता कसा आला? पहिले कारण त्याचा आरसा. ताऱ्याला बिंदू आणि ग्रहाला बिंब म्हणून दाखविण्याइतका तो निर्दोष होता. दुसरे कारण त्याची दृष्टी. ज्या माणसाने शेकडो रात्री आपले आरसे ताऱ्यांवर तपासले होते, निर्दोष आरशातील तारा कसा दिसतो आणि सदोष आरशातील कसा दिसतो हे ज्याला पाठ झाले होते, त्याला ताऱ्यांच्या गर्दीतील ते चिमुकले बिंब पहिल्याच दृष्टिक्षेपात खटकले. आरसा घडविताना त्याचा डोळाही घडत गेला होता. शोध दैवयोगाने लागला असे पुष्कळांनी म्हटले. विल्यमला ते मान्य नव्हते. आपण क्रमाने सारे आकाश तपाशीत होतो. त्या रात्री त्या ग्रहाची पाळी होती, इतकेच, असे त्याचे म्हणणे होते.

विल्यमने इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचे नाव या ग्रहाला दिले. इतर देशांना ते रुचले नाही. अखेर योहान बोडे या जर्मन ज्योतिर्विदाने सुचविलेले युरेनस हे नाव रूढ झाले. महाराष्ट्रात मात्र शोधकाचेच नाव टिकून राहिले. आपल्या मराठी पंचांगांत हा ग्रह हर्षल या नावाने छापलेला आढळतो. हर्षल म्हणजे हर्शेल, हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

कीर्ती वाट्याला आली त्याच वर्षी विल्यमला एक मोठे अपयशही सोसावे लागले. तीन फूट रुंदीचा आरसा ओतण्याचा विचार त्याने केला होता. एवढा आरसा ओतून देण्यास कोणताही कारखाना तयार होईना, म्हणून त्याने घरातच भट्टी बांधली. साच्यासाठी घोड्यांची लीद लागत असे. ढिगाने आणलेली लीद कॅरोलाइन खलबत्त्यात कुटी आणि चाळणीने चाळी. पाचशे पौंडांहून अधिक धातू वितळवून ओतण्यात आला. परंतु साचा गळू लागला आणि निवताना तबकडी तडकली. विल्यमने दुसऱ्यांदा धातू वितळविला. या खेपेस भट्टीच फुटली आणि रसरशीत धातूचा लोट फरसबंदीवर पसरला. उष्णतेने फरश्या तडतडून फुटल्या आणि त्यांचे तुकडे छतापर्यंत उडू लागले. दोघे भाऊ आणि ओतारी मिळेल त्या दाराने बाहेर पळाले म्हणून वाचले. श्रमाने आणि उष्णतेने ग्लानी येऊन विल्यम विटांच्या ढिगाऱ्यावर कोसळला. तो बेत त्याला सोडून द्यावा लागला. मोठ्या आरशाची आशा मात्र त्याने सोडली नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले आणि आपला सभासद करून घेतले. तरीही काही विद्वानांच्या मनात शंका होती. एका वाजंत्र्याने घरी केलेली दुर्बीण इतकी चांगली असेल, यावर त्यांचा विश्वास बसेना. १७८२ साली विल्यमने आपली सात फुटी दुर्बीण ग्रिनिचच्या राजवेधशाळेत नेली. तेथील दुर्बिणींशी तिची तुलना झाली, तेव्हा तीच सरस ठरली आणि शंका मिटल्या. राजाने त्याला दरसाल दोनशे पौंडांचे वेतन बांधून दिले. संगीतातून त्याला याहून अधिक प्राप्ती होत होती. परंतु आता रात्रीबरोबर दिवसही आपल्या आवडत्या विद्येला देता येईल, या आनंदात त्याने ते स्वीकारले. बहीणभाऊ बाथ सोडून राजवाड्याजवळच्या डॅचेट या खेड्यात आणि नंतर स्लाव येथे राहावयास गेले. खर्चाची तोंडमिळवणी व्हावी म्हणून विल्यम दुर्बिणी तयार करून विकू लागला. युरोपातील राजेरजवाडे त्या विकत घेत.

कॅरोलाइनने गायन सोडले. भाऊ दुर्बिणीला डोळा लावून जे पाही, ते ती दिव्याशेजारी बसून घड्याळाच्या ठोक्यावर लिहून घेई आणि दिवसा त्याचे गणित करी. ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री जमिनीवर बर्फ साचले होते. ढग फाकले, तारे दिसू लागले आणि भावाच्या हाकेसरशी ती अंधारात धावली. दुर्बिणीच्या चौकटीला असलेला लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. तिला सोडविताना मांसाचा लचका आकड्यालाच राहिला. काही आठवड्यांत ती पुन्हा कामावर हजर झाली. आपल्या दुखापतीमुळे वेध बुडाले नाहीत, कारण त्यानंतर आकाशच ढगाळ राहिले, याचे तिला समाधान वाटले. पुढे भावाने दिलेल्या लहान दुर्बिणीतून तिने स्वतंत्र शोध घेतला आणि १७८६ ते १७९७ या काळात आठ धूमकेतू पाहिले. १७८७ पासून तिला राजाकडून वर्षाला पन्नास पौंड मिळू लागले. वैज्ञानिक कामाबद्दल नियमित वेतन घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते.

राजाच्या चार हजार पौंडांच्या साहाय्याने विल्यमने १७८९ साली चाळीस फूट लांबीची दुर्बीण उभी केली. तिच्या आरशाची रुंदी चार फूट होती. तो घासण्यासाठी पुष्कळ माणसे लावावी लागली. त्यांना हुकूम देणे सोपे जावे म्हणून प्रत्येकाच्या अंगरख्यावर आकडा घातलेला असे. नळी जमिनीवर पडलेली असताना राजा स्वतः तिच्यातून चालत गेला. या दुर्बिणीतून शनीचा एक नवा उपग्रह दिसला आणि जगभरचे लोक ती पाहावयास येऊ लागले. तरीही तिने विल्यमची अपेक्षा पुरी केली नाही. ती हलविण्यास माणसे लागत, तिची तयारी करण्यात रात्रीचा बहुमोल वेळ जाई आणि इंग्लंडच्या दमट हवेत आरसा वारंवार काळवंडे. नित्याच्या कामासाठी विल्यम आपली जुनी वीस फुटी दुर्बीणच वापरीत राहिला. लोकांच्या कौतुकापेक्षा कामाची सोय त्याला अधिक महत्त्वाची वाटली.

त्या वीस फुटी दुर्बिणीने त्याने आकाशाचा पट्टा अन् पट्टा तपासला आणि सुमारे अडीच हजार तेजोमेघ आणि तारकापुंज यांच्या याद्या केल्या. त्यापूर्वी असे शंभर-सव्वाशेच ज्ञात होते. आपला सूर्यही एका जागी स्थिर नसून ताऱ्यांमधून प्रवास करीत आहे, असे त्याने १७८३ साली दाखवून दिले.

हाताने करून पाहण्याची त्याची सवय उतारवयातही सुटली नाही. सूर्याकडे पाहताना दुर्बिणीला निरनिराळ्या रंगांच्या काचा लावाव्या लागत. काही काचांतून उजेड थोडा आणि उष्णता फार येते, हे त्याच्या लक्षात आले. १८०० साली त्याने लोलकातून सूर्यप्रकाश पाडून त्याचे रंग टेबलावर पसरविले आणि एकेका रंगात उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत अधिक चढला. डोळ्यांना न दिसणारे किरणही असतात, हा त्याचा अर्थ होता. त्यांनाच आज आपण अवरक्त किरण म्हणतो.

विल्यमच्या हातून चुकाही झाल्या. चंद्रावर आणि सूर्यावरही जीव राहत असावेत, असे तो मानीत असे. ही कल्पना टिकली नाही. परंतु त्याने मोजून आणि पाहून जे लिहून ठेवले, ते पुढील पिढ्यांना पाया म्हणून उपयोगी पडले. त्याचा मुलगा जॉन हाही थोर ज्योतिर्विद झाला. वडिलांनी उत्तरेकडील आकाशाची जी पाहणी केली होती, तीच त्याने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जाऊन, वीस फुटी दुर्बिणीनेच, दक्षिणेकडील आकाशाची केली.

२५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लाव येथे विल्यम हर्शेल निवर्तला. त्याचे वय त्र्याऐंशी वर्षांचे होते. आणि त्याने शोधलेल्या ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी घालण्यास चौऱ्याऐंशी वर्षे लागतात. कॅरोलाइन त्यानंतर हानोव्हरला परतली. तेथे तिने भावाच्या तेजोमेघांची नवी सुव्यवस्थित यादी तयार केली. त्याबद्दल १८२८ साली लंडनच्या ज्योतिर्विदांच्या संस्थेने तिला सुवर्णपदक दिले. सत्त्याण्णव वर्षांचे आयुष्य भोगून १८४८ साली तिने देह ठेवला.

बाथमधील ज्या घराच्या बागेतून नवा ग्रह दिसला, त्या घरात आज हर्शेलचे संग्रहालय आहे. २००९ साली युरोपातील देशांनी अवरक्त किरणांचा वेध घेणारी एक दुर्बीण अवकाशात पाठविली, तिला हर्शेलचेच नाव देण्यात आले होते. साडेतीन मीटर रुंदीच्या आरशाने तिने २०१३ पर्यंत काम केले. बाथच्या घरातील फरसबंदीवर जो मोठा आरसा ओतता ओतता फुटला होता, त्याच्या चौपटीजवळ या आरशाची रुंदी जाते. तो घडविण्यास अनेक देशांचे कारखाने आणि शेकडो तज्ज्ञ झटले. विल्यमजवळ दोन हात, एक बहीण, एक भाऊ आणि शिकवण्यांतून उरलेला वेळ एवढेच भांडवल होते. हवी ती वस्तू मिळत नाही म्हणून तो हात बांधून बसला नाही. ती कशी करतात हे त्याने शिकून घेतले, बिघडली तर पुन्हा केली आणि ती करता करताच, इतरांच्या डोळ्यांसमोर असूनही त्यांना न दिसलेले पाहण्याची दृष्टी त्याने मिळविली.